वारूळ उकरू नका, पावसाकडे बघा: डोंगरवाटेवर राणी मुंगी शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले एक वडील आणि त्यांची सातवीतली मुलगी गेले दोन पावसाळे दर रविवारी सकाळी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर जातात. मुलीला डोंगळ्यांची वसाहत घरी वाढवून बघायची आहे. वाटेकडेचे दगड उलटून झाले, दोन वारुळं काठीने उकरून झाली, राणी काही मिळाली नाही. एकदा पंखवाली काळी मुंगी सापडली. डोकं लहान, डोळे मोठे, अंग सडपातळ. ती घरी आणल्यावर तीन दिवसांत मेली. राणी नेमकी कुठे आणि केव्हा शोधायची, आणि ती राणीच आहे हे ओळखायचं कसं?

मी पंचवीसेक वर्षं सह्याद्रीत मुंग्यांच्या मागे फिरतोय. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो आणि ते मनापासून सांगतो: वारूळ उकरणं आजपासून बंद करा. डोंगळ्यांची राणी वारुळाच्या तोंडाशी कधीच बसलेली नसते. झाडाच्या मुळांमधून खोल गेलेल्या दालनांत ती असते, आणि काठीचा पहिला धक्का जमिनीला बसला की कामकरी मुंग्या तिला आणखी आत घेऊन जातात. समजा मिळालीच, तर त्या घराचं काय होतं? मधमाश्या राणी गेली तर एखाद्या अळीला वेगळं अन्न देऊन नवी राणी घडवू शकतात. डोंगळ्यांना ते जमत नाही. राणीविना कामकरी मुंग्या काही महिने काम करत राहतात, अळ्या वाढवतात आणि मग एकेक करून संपतात. कॉलेजात असताना मी एका करंजाच्या बुंध्याशी दोन तास खणून अशी राणी काढली होती. तिच्या पोटाला कुदळीचा काठ लागला होता, ती त्याच रात्री गेली. पुढचे कितीतरी आठवडे त्या झाडाखालून जाताना तुरळक होत गेलेली रांग मला दिसायची. ती रांग मी विसरलेलो नाही, म्हणून हे एवढं निक्षून सांगतोय.

मग कुठली राणी शोधायची? जिचं अजून घरच झालेलं नाही, ती.

मराठीत आपण म्हणतो, मुंगीला पंख फुटले, म्हणजे तिचा शेवट जवळ आला. ही म्हण ज्यांनी घडवली त्यांनी पहिल्या पावसानंतरची सकाळ नीट बघितलेली असणार. नरांच्या बाबतीत ती तंतोतंत खरी आहे. नर मुंगा एकदाच उडतो, मीलन झालं किंवा नाही झालं तरी एक-दोन दिवसांत मरतो. राणीच्या बाबतीत मात्र पंख म्हणजे सुरुवात. मोठ्या झालेल्या वसाहतीत दरवर्षी नर आणि राजकन्या तयार होतात. योग्य हवा मिळेपर्यंत त्या आत थांबतात, मग एकाच संध्याकाळी परिसरातल्या अनेक वारुळांतून एकदम बाहेर पडतात. मीलनानंतर राणी जमिनीवर उतरते, पाय आणि जबडा लावून स्वतःचे पंख मोडून टाकते आणि चालू लागते. त्या वेळी मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि आयुष्यभर त्यावरच अंडी फलित करते. ते आयुष्य किती असावं? युरोपातल्या लासियस नायगर या बागेतल्या साध्या काळ्या मुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून जास्त जगली.

पंख मोडल्यापासून जमिनीत शिरेपर्यंतचे काही तास एवढीच तुमची खिडकी. त्या तासांत तुम्ही वाटेवर असलात तर राणी तुमच्या बुटापुढून चालत जाते. नसलात तर हजार दगड उलटूनही उपयोग नाही.

म्हणून रविवार सोडा आणि पावसाचा दिवस पकडा. तुमची खरी चूक इथे आहे. पुण्याच्या आसपास मी ज्या वेळा पाहत आलोय त्या अशा: मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसतो, जमीन बोटभर भिजते आणि दुसऱ्या दिवशी उघडीप असते, ती संध्याकाळ. नंतर मृग लागल्यावर, म्हणजे ७-८ जूनच्या पुढे, पहिला चांगला पाऊस पडून थांबतो ती संध्याकाळ. हवा कोंदट हवी, वारा जवळपास नको, अंगाला घाम यावा पण सुकू नये. डोंगळे, म्हणजे शास्त्रीय नावाने कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, मला बहुतेक वेळा सूर्य बुडताना आणि त्यानंतरच्या तासाभरात उडताना दिसले आहेत. त्याआधी अर्धा-पाऊण तास वारुळाच्या तोंडाशी गडबड सुरू होते. कामकरी मुंग्या विनाकारण पळताहेत असं वाटतं, मधूनच एखादी चकचकीत पंखांची मुंगी डोकं बाहेर काढते, एखादी कामकरी तिला पंखाला धरून परत आत ओढते. वेळ झालेली नसेल तर सगळे आत जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. हे दृश्य दिसलं तर काहीही पकडायच्या नादी लागू नका, खाली बसा आणि मुलीला बघू द्या. राणी मिळण्यापेक्षा हे दुर्मिळ आहे.

जुलै-ऑगस्टच्या झडीत शोधून फार हाती लागत नाही, गडावर धुकं बघायला जा. सप्टेंबरात पाऊस मागे सरकू लागला की लहान जातींची उड्डाणं पुन्हा सुरू झालेली दिसतात. पण त्या राण्या बारीक असतात, नवशिक्याच्या नजरेला लवकर पडत नाहीत.

उघडीप ओळखायची एक जुनी खूण पुण्यातलीच आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई इलाख्यात आकडेवारी गोळा करायच्या कामावर होता. १८३५ साली छापलेल्या मुंग्यांवरच्या लेखात त्याने पुण्यातल्या एका जातीबद्दल लिहिलं की पाऊस थांबून ऊन पडलं की या मुंग्या आत साठवलेलं गवताचं बी बाहेर आणून उन्हात पसरतात. ही जात आज फिडोले या गटात धरतात. आजही वाटेच्या कडेला एखाद्या बिळाभोवती दाण्यांचा आणि फोलपटांचा गोल दिसला की मी थांबतो. अशी दुपार बहुतेकदा चांगल्या संध्याकाळीकडे नेते.

आता ओळखीबद्दल. तुमची तीन दिवसांत मेलेली मुंगी नर होती. लहान डोकं, मोठे डोळे, सडपातळ अंग हे वर्णन दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. तुमच्या हातून काही बिघडलं नाही, ती तशीही जगणार नव्हती. मुलीला हे जरूर सांगा.

राणी ओळखायला डोकं बघू नका, लांबी बघू नका, छाती बघा. डोंगळ्यांमध्ये कामकऱ्यांचेच दोन-तीन आकार असतात आणि त्यातला सगळ्यात मोठा, भल्या थोरल्या डोक्याचा, लांबीला राणीच्या जवळपास भरतो. पुष्कळ जण त्यालाच राणी समजून घरी नेतात. पण कामकरीची छाती वरून पाहिली तर अरुंद आणि सलग असते, जणू एकच पट्टी. राणीची छाती रुंद आणि फुगीर असते आणि तिच्यावर एकमेकांना जोडलेल्या पाट्या स्पष्ट दिसतात, कारण तिच्यात उडण्याचे स्नायू असतात. पंख गळून पडलेले असले तरी त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना बारीक तपकिरी खुणा राहतात. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग असलं तर या खुणा सहज दिसतात. पोटही जड असतं, चालताना जमिनीला टेकेल असं वाटतं.

आणखी एक गोंधळ दरवर्षी होतो. पहिल्या पावसात दिव्याखाली पंखांचा खच पडतो, तो बहुधा मुंग्यांचा नसून वाळवीचा असतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर नसते आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात दुमडलेल्या. एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तर चूक होत नाही.

चालण्यावरूनही राणी कळते आणि मला स्वतःला तीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते. कामकरी मुंगी कुठेतरी जात असते: वासाच्या रेषेवर, तोंडात काहीतरी घेऊन, घराकडे किंवा घराकडून. पंख टाकलेली राणी कुठल्याही रेषेवर नसते. ती एकटी असते, घाईत असते, आणि वाटेतल्या प्रत्येक भेगेशी, प्रत्येक खड्याच्या सावलीशी थबकते, मिशा आत घालते, नापसंत करते, पुढे जाते. मध्येच एखाद्या ठिकाणी माती उकरते आणि सोडून देते. ही चाल एकदा डोळ्यांत बसली की चार-पाच मीटरवरून समजते.

वाटेवर नजर कुठे ठेवायची? मळलेली पायवाट ही राणी शोधायची उत्तम जागा आहे, ती तिथे जास्त येते म्हणून नाही, तर गवत नसल्याने दिसते म्हणून. पावसाने धुऊन निघालेली मोकळी माती, पायऱ्यांच्या दगडांचा खालचा सांधा, पाणी वाहून जायला काढलेल्या चरांची कड, वाटेला लागून उभा कापलेला मातीचा उतार, या जागा मी सावकाश बघतो. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश. शंभर मीटरला दहा मिनिटं. गडावर पोचायचं असेल त्या दिवशी राणी शोधू नका, राणी शोधायची असेल त्या दिवशी गडावर पोचायचं मनातून काढा. आतकरवाडीच्या वाटेचा अगदी खालचा टप्पा पुरेसा आहे. वर चढत जाण्याची गरजच नाही.

पायथ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर रात्रभर पांढरी ट्यूब जळत असेल तर पहाटे तिच्याखालची भिंत, फरशीचा कोपरा आणि कोळ्यांची जाळी जरूर बघा. उजेडाकडे ओढल्या गेलेल्या राण्या सकाळपर्यंत तिथेच कुठेतरी आडोशाला असतात. जाळ्यात अडकलेली मेलेली राणी दिसली तरी ती नोंद कामाची आहे: काल रात्री उड्डाण झालं, आज सकाळी वाटेवर राण्या असतील. टपरीवाल्या मावशींना आधी विचारा, काय शोधताय ते सांगा. बहुतेक वेळा त्यांनाच जास्त माहिती असते, "परवा लई पाखरं पडली होती" एवढं वाक्यसुद्धा तुमचा दिवस वाचवतं.

दगडांखाली राणी मिळते, हे खरं आहे. नुकत्याच स्थिरावलेल्या राणीने दगडाखाली बोटाच्या पेराएवढी कोठडी केलेली असते, आत ती एकटी आणि पांढऱ्या अंड्यांचा एक पुंजका. पण तुम्हाला मी दगड उलटायला सांगणार नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, फुरसं. सह्याद्रीत आणि कोकणात सैल दगडाखाली फुरसं किंवा विंचू असणं ही रोजची गोष्ट आहे. फुरसं लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि चटकन चावतं. बारा वर्षांच्या मुलीचे हात त्या दगडाखाली जाता कामा नयेत. जाणकार माणूस दगड उचलतो तेव्हा काठीच्या आकड्याने, पलीकडची कड स्वतःकडे ओढत उचलतो, म्हणजे खाली जे असेल त्याला समोर पळायला वाट राहते आणि मध्ये दगडाची ढाल राहते. दुसरं कारण, तो दगड हे घर असतं. कातळाच्या सड्यांवर, कासच्या पठारासारख्या ठिकाणी तर सुट्या दगडाखालची ओल हाच कितीतरी बेडकांचा, पालींचा, गोमींचा आणि मुंग्यांचा उन्हाळ्यातला आसरा. उलटा टाकलेला दगड खालच्या सगळ्यांना उन्हात टाकतो. तुम्ही दोन वर्षांत जे दगड उलटलेत ते जिथे आठवतील तिथे पुन्हा जसेच्या तसे बसवा.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. वाटेवर दिसणाऱ्या एका मुंगीची राणी तुम्हाला कधीच मिळणार नाही, कारण तिला राणीच नाही.

झाडीतल्या वाटेवर कोळशासारखी काळी, अंगावर बोटाच्या ठशासारख्या रेघा असलेली, एकेकटी फिरणारी मोठी मुंगी तुम्ही पाहिली असेल. तिच्या बिळाच्या तोंडाभोवती काड्या, वाळकी पानं, मेलेल्या मुंग्यांचे तुकडे, कधी पक्ष्यांची पिसं रचलेली असतात. ही डायाकामा. कोरड्या दिवसांत त्या पिसांवर जमलेलं दव ती पिते, हे निरीक्षण भारतातच झालेलं आहे. या मुंग्यांमध्ये राणी हा प्रकारच नाहीसा झालाय. प्रत्येक मादी जन्मते तेव्हा तिच्या छातीवर पंखांच्या जागी दोन बारीक गाठी असतात. घरातली जी एकटी अंडी घालते तिच्या गाठी शाबूत असतात, आणि नव्याने जन्मलेल्या प्रत्येकीच्या गाठी चावून तोडल्या जातात. गाठी गेल्या की ती मीलन करत नाही, आयुष्यभर कामकरी राहते. अंडी घालणारी मेली की पुढे जन्मणाऱ्या एखादीच्या गाठी राहतात आणि ती जागा घेते. दिसायला दोघी सारख्या. म्हणजे राणीपण रक्तात नाही, त्या दोन गाठी राहिल्या की गेल्या यावर आहे. घर बदलताना या मुंग्या जोडीने चालतात, पुढची वाट दाखवते, मागची तिच्या पोटाला मिशा लावत येते, आणि मागची चुकली तर पुढची थांबते. पावसाळ्यात त्यांची घरं वारंवार बदलतात, तेव्हा ही जोडी वाटेवर नक्की दिसेल. मुलीला दाखवा.

अशीच दुसरी नवलाची मुंगी हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर, उडी मारणारी. हिचं वर्णन थॉमस जर्डन या डॉक्टरने १८५१ साली केलं. मोठे डोळे, पुढे आलेला लांब वक्र जबडा, आणि धोका वाटला की चक्क टुणकन उडी. हिला राणी असते, पण ती कामकरीपेक्षा फारशी वेगळी दिसत नाही. ती मेली की कामकऱ्या मिशांनी एकमेकींशी दिवसेंदिवस झुंजतात आणि जिंकलेल्या काही जणी अंडी घालू लागतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की अशा मुंगीचा मेंदू वीस टक्क्यांच्या आसपास लहान होतो, आणि तिला पुन्हा कामकरी व्हायला लावलं तर तो परत वाढतो. मी पाहिलेल्या कीटकांत यासारखं दुसरं काही नाही. हिला घरी नेण्याचा विचार करू नका. ती जिवंत शिकार करते, तिची नवी राणीसुद्धा पहिल्या पिलांसाठी स्वतः बाहेर पडून शिकार करते, आणि तिला सांभाळणं नवशिक्याचं काम नाही.

पाचोळ्यातून शिस्तीत जाणाऱ्या काळ्या चकचकीत लेप्टोजेनिसच्या फौजा वाळवीच्या शिकारीला निघालेल्या असतात. या गटातल्या बऱ्याच जातींच्या राण्यांना पंखच नसतात. जमिनीखालच्या डोरिलसचे नर दिव्यावर येतात, जाड, पिवळट, माशीसारखे. लोक त्यांना मुंगी समजत नाहीत. त्यांची राणी आंधळी, बिनपंखांची आणि कायम जमिनीखाली. या दोघींच्या मागे लागू नका.

कोकणाच्या बाजूला उतरणाऱ्या वाटांवर आंब्या-काजूच्या पानांची शिवलेली घरं दिसतात. ओंबील म्हणा किंवा हुमले म्हणा, शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅरॅग्डिना. पावसाच्या तोंडावर यांची हिरवट, सुरेख राणी पानांवर एकटी फिरताना सापडते. बघा, फोटो काढा, ठेवून या. तिची वसाहत झाडभर पसरते, घरातल्या डब्यात ती मावत नाही. आणि काळी-तांबडी-काळी, झाडाच्या बुंध्यावर एकटी पळणारी सडपातळ मुंगी, टेट्रापोनेरा रूफोनायग्रा, हिला हात लावू नका. तिचा डंख तासन्‌तास ठणकतो.

थोडक्यात, सुरुवातीला डोंगळाच घ्या. तुमच्या मुलीने निवड बरोबर केलीय. डोंगळ्याची राणी कोंडून घेऊन वसाहत सुरू करते, म्हणजे तिला पहिले दोन महिने बाहेर यावंही लागत नाही आणि खावंही लागत नाही. पंख गेले, त्यामुळे उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झाले. तेच ती आतल्या आत विरघळवते आणि त्यावर पहिल्या अळ्या वाढवते.

पण ती सिंहगडावरून आणू नका. मला माहीत आहे, प्रश्नच त्या वाटेचा आहे. त्या डोंगराचा बराच भाग वनविभागाकडे आहे, आणि परवानगीशिवाय जंगलातून जिवंत काही उचलून आणणं योग्य नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर प्रश्नच मिटला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणी या शब्दात कीटकही येतात, आणि अभयारण्यातून परवान्याशिवाय वन्यजीव हलवायला मनाई आहे. आपल्या आवडत्या ट्रेकच्या कितीतरी वाटा त्यात पडतात: भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, कर्नाळा, कोयना, चांदोली. तिथे भिंग आणि वही, बाकी काही नाही. मुंग्यांसाठी कोण विचारतंय असं वाटत असेल तर २०२५ची केनियातली गोष्ट ऐका. दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राणी मुंग्या सापडल्या, परदेशी हौशी लोकांना विकण्यासाठी नळ्यांमध्ये भरलेल्या. आणखी दोघांवरही तसाच खटला चालला. न्यायालयाने मे महिन्यात चौघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्ष कैद सुनावली. प्रत्येक राणी म्हणजे न झालेलं एक वारूळ, हे त्या न्यायालयाने गांभीर्याने घेतलं याचा मला आनंद झाला. त्याच कारणाने, राणी विकत कधीही घेऊ नका. दूरच्या प्रदेशातली मुंगी तुमच्या गच्चीतून निसटली तर पुढे काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

डोंगळा पुण्यात घरोघरी आहे. सोसायटीच्या आवारातल्या गुलमोहराखाली, शाळेच्या मैदानाच्या कडेला, शेताच्या बांधावर. ज्या संध्याकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी उड्डाण होईल, त्याच्या आगेमागे तुमच्या पार्किंगमध्येही होईल. वाटेवर नजर तयार करा, राणीची चाल शिका, आणि घरी ठेवायची ती एकच राणी आवारातून घ्या. सिमेंटवर उतरलेल्या राणीला तशीही माती मिळायची मारामार असते, तिथे तुम्ही तिचं नुकसान करत नाही. पंख असलेली घेऊ नका. तिचं मीलन झालेलं नसेल तर तिच्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि वसाहत कधीच उभी राहत नाही.

पकडण्यासाठी चिमटा नको. काचेची परीक्षानळी, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद, तिच्यापुढे आडवी धरा. अंधारं भोक समजून ती आपणच आत शिरते. ही नळी घरूनच तयार करून न्या: एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट बसवलेला कापसाचा बोळा, मग मोकळी जागा, आणि तोंडाला दुसरा बोळा. पाण्याकडचा बोळा ओला राहतो, तेवढी ओल तिला पुरते. तोंडाच्या बोळ्यातून हवा जाते, भोकं पाडायची गरज नाही. नळी गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात ठेवू नका. दहा मिनिटांत ती शिजते. नळीवर तारीख, वेळ, जागा आणि शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहून चिकटवा.

घरी नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जिथे दार आपटत नाही अशा जागी ठेवा. आणि मग सोडून द्या. हेच सगळ्यात अवघड असतं. रोज उघडून पाहिलं, हलवलं, तर राणी घाबरून स्वतःची अंडी खाते. आठवड्यातून एकदा, मिनिटभर, एवढंच. पहिल्या काही दिवसांत अंड्यांचा पुंजका दिसेल, मग अळ्या, मग तपकिरी कोष, आणि पुण्याच्या पावसाळी हवेत दीड-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी मुंग्या. त्या नेहमीच्या डोंगळ्यांपेक्षा कितीतरी लहान आणि भित्र्या असतात, कारण एका आईने उपाशीपोटी त्यांना वाढवलेलं असतं. त्या आल्यावरच खाणं सुरू करा: टाचणीच्या टोकाएवढा मधपाण्याचा थेंब आणि मारलेल्या माशीचा किंवा डासाचा तुकडा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी येते. तीन-चार आठवड्यांत अंडीच दिसली नाहीत, किंवा मुलीच्या परीक्षेत लक्ष देणं जमणार नसेल, तर ओली संध्याकाळ बघून ती जिथे मिळाली तिथेच, अगदी त्याच झाडाखाली सोडा. दुसऱ्या तालुक्यात नाही, गडावर नाही.

पुढच्या मे महिन्यापासून वही सुरू करा. कुठल्या दिवशी किती वाजता पाऊस थांबला, वारा होता का, कुठल्या वारुळाच्या तोंडाशी गडबड दिसली. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की तुमच्या आवारातलं उड्डाण तुम्ही आदल्या दिवशी सांगू शकाल, आणि अशा नोंदी आपल्याकडे फार थोड्या लोकांनी ठेवल्या आहेत. अंधार पडल्यावर बघायला जाल तेव्हा बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबर लावून बसवा. बहुतेक मुंग्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, आणि राणी उजेडाने बिचकून पळण्याऐवजी तुमच्यासमोरच पंख मोडायला बसते.